औषध पाजायला किती सेकंद?

लढाईत म्यानातून तलवार उपसायला किती वेळ लागतो? दार ढकलून आत शिरायला किती? आणि शेजारी कोसळलेल्या सोबत्याला औषधाचे दोन घोट पाजायला किती? प्रश्न विचित्र वाटतील. पण यांची उत्तरे शोधण्यासाठी माणसांनी आयुष्यातली कित्येक वर्षे घालवली, वाद घातले, जाडजूड नियमपुस्तके छापली. ही माणसे सेनापती नव्हती, बहुतेक जण खेळाडू होते. आज त्यांचीच हकीकत सांगायची आहे.

सुरुवात मात्र सैन्यातच झाली. प्रशियाच्या तोफखान्यातला एक तरुण लेफ्टनंट राइसविट्झ याने १८२४ साली ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, या नावाने नियम प्रसिद्ध केले. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्ये असाच एक खेळ राजाला दाखवला होता. मुलाने तो टेबलावरच्या नकाशावर आणला. सैन्याच्या तुकड्यांसाठी लहान ठोकळे, हानी ठरवण्यासाठी फासे आणि निवाडा द्यायला पंच. प्रत्येक खेळी दोन मिनिटांची. दोन मिनिटांत पायदळ जितके चालू शकेल तितकाच ठोकळा पुढे सरकायचा. सरसेनाधिकारी म्युफ्लिंग यांना हा खेळ इतका पटला, की त्यांनी तो साऱ्या सैन्याला शिफारस केला. तक्ते पुढे फार वाढले, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवले, की तक्ते नि फासे बाजूला ठेवा आणि सारे पंचाच्या विवेकावर सोपवा. नियम की विवेक, हा झगडा तेव्हापासूनचा आहे.

पण या खेळात एकटा माणूस नव्हताच. ठोकळा म्हणजे तुकडी. त्यातल्या एखाद्या शिपायाने जखमीला पाणी पाजले की नाही, हे नकाशावर दिसणे शक्यच नव्हते.

एकटा माणूस खेळात आला तो १९७४ मध्ये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स आणि त्याचा सहकारी डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या १०००. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार कथा सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक, तर कुणी जखमा बऱ्या करणारा धर्मोपदेशक. काय करायचे ते ज्याने त्याने तोंडाने सांगायचे आणि यश-अपयश फाशाने ठरायचे.

इथे सेकंदांचा प्रश्न उभा राहिला. लढाईची एक फेरी एका मिनिटाची धरलेली होती. खेळाडू विचारू लागले, मिनिटभरात एकच वार? गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात याचे समर्थन केले. त्याचे म्हणणे असे, की मिनिटभरात हुलकावण्या, अडवाअडवी बरीच होते, फासा फक्त खऱ्या संधीसाठी टाकायचा. मग त्या मिनिटाचे सहासहा सेकंदांचे दहा भाग पाडले गेले. किरकोळ जखम भरून काढणाऱ्या मंत्राला त्यातले पाच भाग लागत, म्हणजे अर्धा मिनिट. तेवढ्यात मंत्र म्हणणाऱ्यावर वार बसला, तर मंत्र फुकट.

इतरांनी वेगळी घड्याळे लावली. १९८६ मध्ये आलेल्या ‘गर्प्स’ या खेळात एक खेळी एका सेकंदाची. त्यात तलवार उपसणे हीच एक पूर्ण खेळी! सराईताला मात्र चपळाईची सवलत होती.

२००० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती आली आणि फेरी सहा सेकंदांची झाली. आता कृतींना प्रतवारी मिळाली. एक मुख्य कृती, एक हालचाल आणि काही फुकट कृती. ओरडून दोन शब्द बोलणे फुकट. पिशवीतून औषधाची कुपी काढणे ही हालचाल, ती पिणे ही मुख्य कृती. म्हणजे औषध घेण्यात खेळी संपली. दुसऱ्याची जखम बरी करणारा मंत्रही बहुधा मुख्य कृतीच असे.

परिणाम काय झाला? टेबलाभोवती एक जण कायम उपाशी राहू लागला. योद्धा वार करी, मांत्रिक आगीचे गोळे फेकी, आणि धर्मोपदेशक झालेला मित्र प्रत्येक फेरीत दुसऱ्याच्या जखमा बांधी. त्याची स्वतःची गदा तशीच राही. ‘मला नको ती भूमिका’ असे मित्र एकमेकांना सांगू लागले. नियमात कुठेही लिहिलेले नव्हते, की सेवा करणाऱ्याने स्वतःचा डाव सोडावा. वेळेच्या हिशेबातून ते आपोआप घडत होते.

हे कोडे २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सोडवले. मुख्य कृती आणि हालचाल यांच्या जोडीला तिने ‘मायनर ॲक्शन’, म्हणजे छोटी कृती, असे स्वतंत्र खाते उघडले. दार उघडणे, शस्त्र उपसणे, कुपीतले औषध पिणे या साऱ्या छोट्या कृती. आणि धर्मोपदेशकाचा जखम भरणारा शब्द हीसुद्धा छोटी कृती. आता तो त्याच सहा सेकंदांत सोबत्याला उठवी आणि स्वतःही लढे. याच वर्षी मार्चमध्ये गायगॅक्सचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी ही आवृत्ती बाजारात आली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नाव बदलून ‘बोनस ॲक्शन’ झाले आणि औषध पिणे पुन्हा मुख्य कृती ठरले. खेळाडूंना ते रुचले नाही. कित्येक टेबलांवर घरगुती नियम चालू झाला, की औषध पिण्यासाठी अख्खी खेळी मोजायची नाही. अखेर २०२४ च्या सुधारित नियमांनी हे मान्य केले. औषध पिणे आणि शेजारच्याला पाजणे, दोन्ही बोनस कृतीत बसले.

तुम्ही म्हणाल, मग छोट्या कृती सरळ फुकटच का करू नयेत? त्याचे उत्तर खेळाडूंनीच एका गमतीदार कोड्यातून दिले. समजा, हजारो शेतकरी एका ओळीत उभे केले आणि प्रत्येकाने हातातली काठी पुढच्याला द्यायची, असे ठरले. नियमाप्रमाणे हे सारे एकाच फेरीत होते. मग सहा सेकंदांत काठी कित्येक मैल जाते, तोफेच्या गोळ्याहून वेगाने! २०२४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकाला अखेर बजावून सांगावे लागले, की खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. फेर्डी द्यू व्हेर्न्वाचा विवेक पुन्हा दारात उभा राहिला.

मी कविता लिहिणारा माणूस. मला हा हिशेब परका वाटत नाही. आमच्या वृत्तात गुरू अक्षराच्या दोन मात्रा, लघूची एक, पण शून्य मात्रेचे अक्षर नसते. जे उच्चारले जाते, त्याला काही ना काही वेळ द्यावाच लागतो. छोट्या कृतीचेही तसेच आहे. ती फुकट धरली तर हिशेब कोसळतो, आणि मोठ्या कृतीइतकी महाग केली तर ती करणाऱ्याचा डाव जातो. तिचे स्वतःचे, लहानसे का होईना, माप हवे.

खेळणाऱ्यांना हे माप सापडायला तीसचाळीस वर्षे लागली. पंगत असो की दस्तरखान, वाढणारा सर्वांत शेवटी जेवतो, आणि त्याने किती वेळ दिला हे कुणी मोजत नाही. एका टेबलाभोवतीच्या मित्रांनी ते मोजले, आणि जखम बांधणाऱ्यालाही त्याचा डाव परत मिळाला.