कुंपणच शेत खाते तेव्हा



गेल्या काही महिन्यांत नात्यातल्या तीन-चार जणांनी फोनवर एकच प्रश्न विचारला. "घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटीव्हायरस टाकू? फुकटचा चालेल का?" आता याचे उत्तर कुठलाही भाचा-पुतण्या दोन मिनिटांत देतो. पण मास्तराची खोड अशी, की प्रश्न समोर आला की तो आधी इतिहासाच्या तासाला नेऊन बसवायचा. तेव्हा थोडा धीर धरा.

आपल्या खानदेशात गावच्या राखणदाराला जागल्या म्हणत. रात्री गस्त घालायची, गावात परका माणूस उतरला तर पाटलाला खबर द्यायची, हे त्याचे काम. साहजिकच कोणाच्या घरी काय आहे, कोण कधी परगावी जातो, हे सारे त्याला ठाऊक असे. म्हणजे चोराला जी माहिती हवी, ती सगळी राखणदाराकडे! मग गाव निर्धास्त कसे झोपत असे? पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. चोरी झाली तर चोराचा माग पुढच्या गावच्या शिवेपर्यंत काढून देणे राखणदाराला भाग असे. नाही जमले तर त्याच्या ऐपतीप्रमाणे भरपाईही त्याच्यावर येई. आणि त्याचे पोट भरत असे ते गावाच्याच धान्यावर. थोडक्यात, तो गावाचे खाई आणि गावाला जबाबदार असे. ही दोन कलमे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता संगणकाकडे येऊ. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ सालचा, नाव 'ब्रेन'. तो लिहिला लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी. गंमत म्हणजे त्यात त्यांनी आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून हे केले, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे जगभर पसरलेला हा व्हायरससुद्धा मुळात एक कुंपणच होते म्हणायचे.

त्या काळचे व्हायरस फ्लॉपीतून फिरत, आणि त्यावरचा सर्वांत पक्का उपाय सॉफ्टवेअरचा नव्हताच. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे, व्हायरसलाही नाही. पुढे साडेतीन इंची फ्लॉपी आली, तिला त्यासाठी छोटी सरकपट्टी होती. हार्डवेअरचे संरक्षण म्हणतात ते हे. किंमत जवळजवळ शून्य, आणि फितुरीची शक्यता नाही!

याच सुमारास पुण्यात आपल्या मराठी माणसाची एक गोष्ट घडत होती. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले, आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी काढली. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसच फार सापडू लागले, तेव्हा संजयनी ते काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' जन्माला आला. २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले, २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की राखणदार दुरुस्तीच्या टेबलावरून आला. गिऱ्हाईक समोर उभे, पैसे देणारे तेच, आणि काम बिघडले तर जाब विचारणारेही तेच. जागल्याची दोन्ही कलमे पूर्ण!

पण तोवर चोरांची जातच बदलत होती. जुना व्हायरस दंगेखोर. पडद्यावरची अक्षरे खाली पाडायची, फाइली पुसायच्या, एकूण आपण आलो हे जाहीर करायचे. इंटरनेट घरोघर पोचल्यावर जो आला, तो मात्र हेर. त्याला काही मोडायचे नव्हते. उलट यंत्र नीट चालावे हीच त्याची इच्छा, म्हणजे तुम्ही टाइप करत राहणार आणि तो टिपून घेत राहणार. फुकट गाणी उतरवण्याच्या प्रोग्रॅमबरोबर, पडद्यावरच्या बोलक्या जांभळ्या माकडाबरोबर, हे हेर आपणच घरात घेत होतो. २००० साली स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रॅमरला आपल्या यंत्रातून जाहिरातीचे सॉफ्टवेअर गुपचूप बाहेर बोलते आहे असे आढळले. त्याने ते काढण्यासाठी 'ऑप्टआउट' लिहिले. पुढे 'अ‍ॅड-अवेअर' आणि 'स्पायबॉट' घरोघर पोचले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू ठेवली, २००६ मध्ये 'डिफेंडर' आणला, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येऊ लागला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. चोर हुशार झाला, राखणदारही हुशार झाला. पण आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणच शेत खाते... ती खरी ठरायला फार वेळ लागला नाही.

२००५ च्या ऑक्टोबरात मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने दाखवून दिले, की सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी यंत्रात स्वतःला लपवणारे सॉफ्टवेअर बसवतात. हेतू नक्कल रोखण्याचा, पण त्या आडोशाला दुसरा कोणीही लपू शकत होता. त्या सीडी कंपनीला परत घ्याव्या लागल्या. मग आले खोटे अँटीव्हायरस. "तुमच्या संगणकात अमुक इतके व्हायरस आहेत!" अशी खिडकी उघडायची आणि भीतीपोटी माणसाने पैसे भरायचे. अशाच एका टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खटला भरला, तेव्हा फसलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर सांगितला होता.

हे तर उघड भामटे. पण 'अवास्ट'चे प्रकरण मला जास्त शिकवून गेले. ही खरी, नावाजलेली, चेक प्रजासत्ताकातली कंपनी. तिचा फुकट अँटीव्हायरस आपल्याकडेही किती घरांत होता! लोक कोणत्या वेबसाइटवर जातात याची माहिती ती जमा करत होती, आणि 'जम्पशॉट' या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केले आणि जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावायचे ठरवले. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! पोळी जाहिरातदारांची होती, मग टाळी आपल्यासाठी कशी वाजणार?

मग पैसे देऊन घेतलेला राखणदार निर्धोक का? तसेही म्हणता येत नाही. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचा 'ईस्कॅन' विकतचा. त्याचे रोजचे अपडेट सुरक्षित वाटेने येत नव्हते, म्हणून हल्लेखोरांनी मधल्या वाटेतच ते बदलून त्यात आपला माल भरला. कंपनीला कळवल्यावर २०२३ च्या जुलैअखेर ही फट बुजवली गेली. हे शोधून काढले कोणी? अवास्टच्याच संशोधकांनी, आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केले! म्हणून म्हणतो, एखादी कंपनी देव नि दुसरी राक्षस असा हा मामला नाही. जो दारावर बसतो त्याला सगळे दिसते. त्याची नियत आणि त्याची दक्षता, दोन्ही अधूनमधून तपासावी लागतात.

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे. आपल्यासारख्यांच्या घरच्या संगणकात काय असते? पेन्शनचे खाते, सातबाऱ्याच्या प्रती, आधार, आणि परदेशातल्या नातवंडांचे फोटो. राजेरजवाड्यांचा खजिना नव्हे, पण गेले तर म्हातारपणी पुन्हा उभे करता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न विचारा, या राखणदाराचे पोट कोण भरते? विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरगुती कामाला बहुधा पुरतो. त्याची किंमत विंडोजच्या किमतीतच आली. मायक्रोसॉफ्टही काही माहिती घेतेच, पण सेटिंगमध्ये जाऊन ती कमी करता येते. विकतचा घ्यायचा तर ओळखीच्या कंपनीचा, तिच्या स्वतःच्या साइटवरून किंवा खात्रीच्या दुकानातून. राखणदार एकच ठेवा, दोन ठेवले की ते एकमेकांनाच चोर समजतात! आणि खिडकी उघडून ओरडणारा कोणीही नको. शंका आलीच तर केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून सफाईची साधने मोफत देते.

दुसरे, रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेले साधे खाते वापरा. घरात आलेल्या प्रत्येकाला आपण तिजोरीची किल्ली देतो का?

तिसरे, जुनी चिकटपट्टी विसरू नका. कॅमेऱ्यावर झाकण लावा. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. महत्त्वाच्या कागदांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवा. जी तार जोडलेलीच नाही तिच्यातून कोणी येत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर बँक उघडू नका. कीबोर्ड आणि यंत्र यांच्या मध्ये बसवायचे की-लॉगर बोटाच्या पेराएवढे असते. अँटीव्हायरसला ते सहसा दिसत नाही, वाकून मागे पाहणाऱ्याला दिसते.

चौथी गोष्ट जरा खर्चाची. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, नोंदणी करणाऱ्यांसाठी फक्त वाढीव मुदतीची सोय ठेवली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. चांगले चालणारे यंत्र केवळ त्यासाठी भंगारात टाकणे मनाला पटत नाही. अशा यंत्रावर लिनक्स बसवता येते. आपल्या सी-डॅकने केलेली 'बॉस' लिनक्सच आहे आणि तीत मराठीची सोय आहे. नव्या पोरांना एका रविवारी कामाला लावा, चहा-पोह्यांवर होऊन जाईल.

शेवटी एवढेच. जागल्या जागा असे, कारण गावही अधूनमधून जागे होऊन तो जागा आहे ना हे पाहत असे. महिन्यातून एकदा यंत्रात काय काय बसवले आहे त्याची यादी उघडा, आणि जे आपण आणलेले नाही त्याला नाव-गाव विचारा. उत्तर मिळाले नाही तर आपल्या भाच्याला फोन करा. तो वैतागेल, पण येईल.

असो. तुमच्याकडे राखणदार कोण आहे, ते जरूर कळवा.