'मराठी' शब्दात अक्षरं किती? माझं संशोधन आणि वर्गातले अनुभव

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. सहायक प्राध्यापक म्हणून हे माझं तिसरं वर्ष. "मॅडम, तुमचं संशोधन नेमकं कशावर?" असं मुलं विचारतात. थोडक्यात सांगायचं तर, फोन मराठी मजकूर कसा साठवतो आणि समोर दिसणारा शब्द शोधल्यावर का सापडत नाही, यावर. विषय छोटा वाटतो, पण तो तुमच्या रोजच्या वापराचा आहे. चला तर मग, समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये शब्द उलटा करण्याचा प्रोग्राम असतो. पहिल्या वर्षी मी फक्त इंग्रजी शब्द देऊन मोकळी झाले. पुढच्या वर्षी एका मुलाने पायथनमध्ये स्वतःहून 'मराठी' टाकलं. यायला हवं होतं 'ठीराम'. आलं काय? सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली एक वेलांटी आणि पुढे 'ठारम'. तो म्हणाला, "मॅडम, कोड बरोबर आहे, मराठीच चुकतेय." सगळे हसले. मी पण हसले, पण नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

असं का होतं?

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरीच्या मुख्य विभागात अशा १२८ जागा आहेत. आपण 'मराठी'त तीन अक्षरं वाचतो, पण फोनसाठी ती पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, वेलांटी. 'श्रद्धा' दिसायला दोन अक्षरांचा शब्द, पण आत सात चिन्हं, कारण प्रत्येक जोडाक्षरातला हलन्तसुद्धा वेगळा मोजला जातो. यूटीएफ-८ पद्धतीत यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे 'श्रद्धा'चे झाले २१ बाइट.

कुठल्या चिन्हांचं मिळून एक अक्षर धरायचं, याचे नियम युनिकोडमध्ये आहेत. पण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम त्यात २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला.

यादीतलं नाव सापडेना तेव्हा

माझ्या संशोधनाला दिशा मिळाली ती एका विद्यार्थिनीमुळे. तिच्या आडनावात 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' यांच्यासारखा ऱ्ह आहे. शिष्यवृत्तीची यादी एका संकेतस्थळावर लागली होती आणि कागदपत्रं देण्याचा तो शेवटचा दिवस होता. तिने आडनाव टाकून शोधलं, एकही निकाल नाही. अर्ज बाद झाला असं समजून ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी यादी वरपासून खालपर्यंत बोटाने सरकवत वाचली. नाव होतं! कागदपत्रं वेळेत पोहोचली. पण ती माझ्याकडे न येता तशीच घरी गेली असती तर?

झालं असं की 'ऱ्ह' दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसरीत साधा र, हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले क्रमांक वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरणही या दोन रीती एक करत नाही. 'ॲप' शब्दाचंही तसंच. 'ॲ' हे एकच चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ आणि चंद्र जोडून लिहायचे, अजूनही लिहितात.

मी नेमकं काय करते?

माझा प्रोग्राम मूळ मजकुराला हात लावत नाही. शोधासाठी त्याची वेगळी प्रत बनवतो आणि तिच्यात या सगळ्या रीती एकसारख्या करतो. हा झाला सोपा भाग.

अवघड भाग पुढे आहे. मजकूर 'साफ' करताना बरेच प्रोग्राम न दिसणारी चिन्हं सरसकट पुसतात. मग दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगरातून थेट समुद्रात! शिवाय ऱ्य कसा टाइप करायचा हे माहीत नसल्याने अनेक जण 'दुसर्या' लिहितात. असा शब्दच नाही, त्यामुळे ती चूक शब्दकोशावरून पकडता येते. 'दर्या' मात्र खरा शब्द आहे, तिथे आजूबाजूचं वाक्य बघावं लागतं. हे यंत्राला कसं शिकवायचं, यावर माझं काम चालू आहे.

शिकवण्यात काय बदललं?

आता प्रत्येक प्रोग्राम मुलांनी स्वतःच्या नावावर, देवनागरीत चालवून दाखवायचा, असा माझ्या लॅबचा नियम आहे. निम्मे प्रोग्राम पहिल्या फटक्यात गडबडतात आणि खरा तास तिथून सुरू होतो. 'इंग्रजीत चाललं म्हणजे झालं' असं आता कुणी म्हणत नाही. मीही नाही.

तुम्ही करून पाहा

- नोट्समध्ये 'मराठी' लिहून एकदाच बॅकस्पेस दाबा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर अख्खा 'ठी' जात नाही, फक्त वेलांटी जाते.
- साधा एसएमएस इंग्रजीत लिहा, मग त्यात एकच मराठी अक्षर घाला. एका संदेशाची मर्यादा साधारण १६० वरून ७० चिन्हांवर येते.
- यादीत नाव सापडलं नाही, तर लगेच हार मानू नका. नावाचा जोडाक्षर नसलेला तुकडा टाकून शोधा, किंवा यादी सरळ डोळ्यांनी वाचा.

या विषयात काम करायचं असेल तर पायथन वर्गात शिकता येईल. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक मात्र तुम्हाला आत्ताच कळतो, आणि माझ्या प्रोग्रामला अजून नीट कळत नाही.