दहा वर्षांची मुदत

वाचकहो, पुण्याहून रेल्वेने सोलापूरच्या बाजूला निघालात, की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. पण मुलांसाठी एखादी संस्था कशी उभी राहते आणि कशी टिकते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने या स्टेशनावर अवश्य उतरावे. कारण पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन याच गावचे.

रमाबाईंचे चरित्र पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आधी पत्नीला आणि मग पत्नीकरवी मुलीला संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळाने आई, वडील आणि थोरली बहीण अशी घरची माणसे नेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई, दोघे भावंडे पायी देशभर हिंडली. कलकत्त्याच्या पंडितांनी पुढे 1878 मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पण त्या आधी त्यांनी भूक पाहिली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

पतीच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिकेत जाऊन इथल्या बालविधवांची हकिगत त्यांनी गावोगाव सांगितली. तिचा परिणाम असा झाला, की 1887 मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन नावाचे मंडळ स्थापन झाले. मंडळाने शब्द दिला, की आम्ही दहा वर्षे शाळेचा खर्च देऊ. त्या पैशांवर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई ही तेथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा करणाऱ्या आनंदीबाई कर्वे त्या याच.

आता, मदत आली म्हणजे सगळे सुरळीत होते असे कोणी समजू नये. 1893 मध्येच सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, अशी ओरड पुण्यात झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी वजनदार माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती खरे, यावर आजही अभ्यासकांत दोन मते आहेत. आपल्यापुरता बोध एवढाच, की ज्या समाजातून मुले येतात त्याचा विश्वास उडाला, तर परदेशातला पैसा ती जागा भरून काढू शकत नाही.

दुसरा घोर त्याहून मोठा होता. दहा वर्षे म्हणजे 1898. मग पुढे काय? रमाबाईंनी ती मुदत संपायची वाट पाहिली नाही. मुदतीच्या आतच त्यांनी केडगावला जमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा आपल्या पायावर उभी करावी, हा त्यांचा हिशेब. दात्याच्या पैशातूनच त्यांनी दाता नसतानाची तजवीज चालवली होती!

पण माणूस एक योजतो आणि काळ दुसरेच पुढे आणतो. 1896-97 चा दुष्काळ आला. आपली लहानपणची भूक आठवून रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन आल्या. तिकडे पुण्यात प्लेगची साथ सुरू होती, एवढी माणसे शहरात ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हा केडगावच्या त्या शेतातच त्यांच्यासाठी निवारे उभारले. फळबागेच्या जागी वसाहत उभी राहिली. तीच मुक्ती. 1900 च्या दुष्काळानंतर तेथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

बरं, इतक्या मुलींना सांभाळणार कोण? बाहेरून माणसे आली, पण ती पुरेशी थोडीच पडणार! तेव्हा ज्या आधी आल्या आणि शिकल्या, त्यांनी मागून आलेल्यांना सांभाळले, शिकवले. कोणी मागावर बसली, कोणी शेतात राबली, कोणी छापखान्यात खिळे जुळवले. अंध मुलींसाठी रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेलचे शिक्षण सुरू केले. शेती आणि उद्योगांवर दोन हजार तोंडे भागणे शक्य नव्हते, देणग्या लागतच राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. पण सदनाचा रोजचा गाडा ओढला तो तेथे आसरा घेतलेल्यांनीच. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 1922 मध्ये रमाबाई गेल्या. दोघी नऊ महिन्यांच्या आत गेल्या, तरी केडगावचे दार बंद झाले नाही. ते आजही उघडे आहे.

हा धडा केवळ जुन्या काळचा आहे, असे नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडी आहे. तेथल्या जिल्हा परिषदेच्या लहानशा शाळेसाठी अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी स्वतःची जमीन दिली. मग बाहेरचा निधीही आला आणि काचेच्या भिंतींच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या. त्या खोल्या पाहायला लोक दुरून येत. पण खोल्यांच्या आधी जमीन आली होती, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात राहिले पाहिजे. जमिनीचे मोल बाजारात ठरते, पण ती शाळेला देताना गावाने शाळा आपली मानली, त्याचे मोल कोणी ठरवायचे?

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या गावातल्या बालवाडीला, वसतिगृहाला, वाचनालयाला कोणी मदत देऊ लागला, तर ती आनंदाने घ्या. नाकारण्यात मोठेपणा नाही. मात्र पहिल्याच बैठकीत विचारा, की ही मदत किती वर्षांची? आणि ती सरेल त्या दिवशी या मुलांपैकी कोण पुढे येऊन दार उघडील? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी सापडत नाही, त्याची तयारी पहिल्या वर्षापासून करावी लागते.