चिंचणीचे ताम्रपट आणि आमचे गाव

आम्ही मूळचे परभणीचे. बी.एड. झाल्यावर उर्दू शाळेत नोकरी लागली आणि बाडबिस्तरा घेऊन पाम गावी राहायला आलो. गोदावरीकाठची माणसे आम्ही, समुद्राची सवय नव्हती. इथे एका अंगाला तारापूर औद्योगिक वसाहतीची धुराडी, दुसऱ्या अंगाला ताडाची झाडे, आणि वाऱ्यावर येणारा सुक्या बोंबलांचा वास. गाव आवडले. फक्त एका प्रश्नाने पाठ सोडली नाही. भाड्याची खोली पाहायला जावे, दुकानात उधारी मांडावी, तो विचारलाच जाई : "तुमचं मूळ गाव कोणतं?" एका ठिकाणी खोलीचे बोलणे ठरत आले होते. नाव सांगितले, आणि खोली अचानक कुणाला तरी आधीच दिलेली निघाली.

हा प्रश्न मोठ्यांचाच नाही, हे वर्गात कळले. मुलांना 'हमारा गाँव' हा निबंध लिहायला दिला. बहुतेकांचे वडील कारखान्यांत काम करणारे. कुणी आझमगढ लिहिले, कुणी बस्ती, कुणी मालेगाव. त्यांतली कित्येक मुले इथेच जन्मलेली. वडिलांचे गाव त्यांनी सुट्टीत एकदोनदा पाहिलेले. पाम किंवा बोईसर एकानेही लिहिले नव्हते. "तुम्ही राहता तिथलं का नाही लिहिलं?" असे विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, यहाँ तो हम किराये से रहते हैं."

या उत्तराने आम्हांला अस्वस्थ केले. आम्हीही मनाने भाडेकरूच होतो. मग ठरवले, रविवारी हा परिसर पायाखाली घालायचा. पालघरला जाऊन १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारातील पाच हुतात्म्यांचे स्मारक पाहिले. तारापूरचा किल्ला पाहिला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्या लढाईत बाजी भीमराव कामी आले. १९६९ साली सुरू झालेले देशातले पहिले अणुवीज केंद्र लांबून पाहिले. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. 'मूळ गाव कोणतं?' हा प्रश्न त्या भूमिपुत्रांना कसा टोचत असेल, असा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

शेवटी खाडीचा पूल ओलांडून चिंचणीला गेलो. इथेच आम्हांला हवे ते सापडले, पण ते किनाऱ्यावर नव्हे, इतिहासात. १९५५ साली चिंचणीत जमिनीतून काही ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राज्य राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राचे, भाषा संस्कृत. त्यात संयान मंडळाच्या अधिपतीचे नाव येते मधुमती. हे संयान म्हणजे आजचे संजाण, डहाणूच्या उत्तरेला, गुजरातच्या हद्दीत. आणि हा मधुमती म्हणजे मुहम्मद. त्याचे दुसरे नाव सुगतिप, वडिलांचे साहियारहार, कुळ ताजिक, म्हणजे अरब. दुसऱ्या कृष्णराजाने त्याला हा मुलूख सोपवला होता.

तो साधुसंत होता असे कुणी समजू नये. आसपासच्या बंदरांचे अधिपती त्याने राजासाठी जिंकले आणि तिथे आपली माणसे नेमली, हेही त्याच पटात आहे. तो मुत्सद्दी राज्यकर्ता होता. पण पुढे कोरले आहे ते वाचून आम्ही थांबलो. संयानजवळच्या दोन प्रवाहांवर त्याने होडीची तर सुरू केली, तीही फुकट. एक अन्नछत्र घातले. तिथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप मिळे, त्याचेही मोल नसे. आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने देवीची मठिका उभारली होती, तिच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि विद्वानांच्या भोजनासाठी या मुहम्मदाने राजाच्या संमतीने एक गाव आणि काही जमीन दिली.

ही एका माणसाची लहर म्हणून सोडून देता येत नाही. त्याच सुमारास, इ.स. ९१६ मध्ये, अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता. बल्हरा, म्हणजे राष्ट्रकूट राजा, याच्या राज्यात मुसलमानांना मोठा मान आहे, असे त्याने नोंदवले. चिंचणीच्याच दुसऱ्या एका ताम्रपटात, शके ९५६ मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी, शिलाहारांचा सामंत चामुंडराज याच मठिकेला देवीच्या दिव्यासाठी तेलाचा घाणा देतो. तेव्हा तो संयानच्या ज्या प्रमुख व्यापाऱ्यांना उद्देशून बोलतो, त्यांत अल्लिय, महर आणि मधुमत ही नावे आहेत. अली आणि मुहम्मद ओळखू येतातच. सोबत 'हंजमन' आहे, ते आपले 'अंजुमन'. अभ्यासक त्याचा संबंध पारशांच्या पंचायतीशी जोडतात. पारशी संजाणला उतरले आणि दुधात साखरेसारखे विरघळले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच संजाणच्या मुहम्मदाची गोष्ट मात्र आमच्या शाळांतही कुणी सांगत नाही. दोष दुसऱ्यांचाच कशाला? आम्हीही आमच्या मुलांना बगदाद आणि कुर्तुबा सांगतो, चिंचणी सांगत नाही.

त्या पटात मुहम्मदाच्या कुळाला एक शब्द मिळाला आहे. तरीला, अन्नछत्राला, दानाला त्याहून कितीतरी अधिक जागा आहे. परक्याचा या मातीशी संबंध कसा जुळतो, याचे उत्तर आम्हांला तिथे मिळाले. आपल्याकडे ज्याला सदका-ए-जारिया म्हणतात, तो यापेक्षा वेगळा काय असतो? मूळ गाव विचारणाऱ्याला हजार वर्षांपूर्वीचा पट दाखवून गप्प करावे, हा आमचा हेतू नाही. पूर्वजांच्या पुण्याईवर खोली मिळत नसते. पण जिथे राहतो तिथे आपण कुणाला पैलतीरी नेले, कुणाला जेवू घातले, हे स्वतःला विचारता येते. तो प्रश्न मूळ गावापेक्षा अवघड आहे.

पुढच्या रविवारी वर्गातल्या मुलांना घेऊन खाडीवर गेलो. पुलावर उभे राहून मधुमतीची गोष्ट सांगितली. किरायेवाल्या मुलाने विचारले, "सर, वो नाव वाला पैसे सच में नहीं लेता था?" म्हटले, "नाही. तांब्यावर लिहून ठेवलंय." तो बराच वेळ खाली पाण्याकडे पाहत राहिला.

सोमवारी तोच निबंध पुन्हा लिहायला दिला. त्याच्या वहीत पहिली ओळ होती : 'हमारे गाँव का नाम पाम है.'