पाठ कोणाची? : 'द नॉर्थ फेस' आणि पायी भटकणारा माणूस

एखादी वस्तू चांगली आहे का, आणि ती आपल्या कामाची आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाजारात मात्र ते एकत्र विचारले जातात, आणि वस्तूवर एखादी प्रसिद्ध नाममुद्रा असेल तर दोन्ही बाजूला पडून तिसराच प्रश्न पुढे येतो : ही कोण वापरतो? 'द नॉर्थ फेस' या अमेरिकन ब्रँडबद्दल डोंगरात जाणाऱ्यांमध्ये जी चर्चा नेहमी चालते, तिच्यात या तिन्ही प्रश्नांची सरमिसळ झालेली दिसते. बॅकपॅकरला हा ब्रँड मानवेल का, असे कोणी विचारले की उत्तरादाखल एव्हरेस्टवरची छायाचित्रे दाखवली जातात. ती छायाचित्रे खरी असतात. विचारलेल्या प्रश्नाशी त्यांचा संबंध किती, हे मात्र तपासावे लागते. त्यासाठी ब्रँडच्या इतिहासाकडे वळणे भाग आहे.

आधी शब्दाचा अर्थ निश्चित करू. आपल्याकडे अलीकडे 'बॅकपॅकर' म्हणजे स्वस्त वसतिगृहांत मुक्काम करत देश पाहणारा प्रवासी, असा अर्थ रूढ होऊ लागला आहे. येथे तो अभिप्रेत नाही. तंबू, अंथरूण-पांघरूण, शिधा, भांडी असे सारे बिऱ्हाड स्वतःच्या पाठीवर घेऊन कित्येक दिवस रानावनातून चालणारा, तो बॅकपॅकर. त्याच्या दिमतीला खेचर नसते, हमाल नसतो. या व्याख्येतील 'स्वतःच्या पाठीवर' हे दोन शब्द पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत.

१९६६ साली डग्लस टॉम्पकिन्स आणि सूझी टॉम्पकिन्स या तरुण दांपत्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच वस्तीत, कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवर, गिर्यारोहणाच्या आणि पायी भटकंतीच्या सामानाचे एक लहानसे दुकान उघडले. ही वस्ती साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. त्याच रस्त्यावर लॉरेन्स फर्लिंगेटी यांचे 'सिटी लाइट्स' हे पुस्तकांचे दुकान होते आणि आजही आहे. बीट कवींचा तो अड्डा. जॅक केरुअॅकची 'द धर्म बम्स' ही कादंबरी १९५८ मध्ये आली होती. तिच्यात कवी गॅरी स्नायडरवर बेतलेले पात्र पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढते, आणि सुखवस्तू समाजाकडे पाठ फिरवून असेच निघून जाणाऱ्या तरुणांच्या पिढीचे स्वप्न पाहते. आठ वर्षांनी त्याच गल्लीत पाठीवरच्या पिशव्यांचे दुकान निघावे, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. उद्घाटनाच्या रात्री तेथे 'ग्रेटफुल डेड' हा वाद्यवृंद वाजवत होता. बंडखोरी आणि विक्री एका छताखाली कशा नांदतात, याचा याहून बोलका नमुना शोधूनही सापडायचा नाही.

नावाचा अर्थही पाहण्याजोगा आहे. उत्तर गोलार्धात डोंगराच्या उत्तरेकडील अंगावर ऊन कमी पडते. तेथे बर्फ टिकते, थंडी बोचरी असते, आणि चढाई बहुधा सर्वांत कठीण असते. १९३८ मध्ये प्रथम सर झालेली आयगरची उत्तर भिंत हे त्याचे गाजलेले उदाहरण. १९७१ मध्ये तयार झालेल्या बोधचिन्हातील वक्र रेषा योसेमिटीतील 'हाफ डोम' या सुळक्यावरून घेतल्या आहेत. म्हणजे दुकानात येणारे गिऱ्हाईक बव्हंशी पायवाटेने चालणारे असले, तरी पाटीवर मात्र पहिल्यापासून भिंत चढणारा होता. चालणाऱ्याला माल आणि चढणाऱ्याची प्रतिष्ठा, हे द्वैत नावातच आहे.

टॉम्पकिन्स यांचे मन दुकानात फार काळ रमले नाही. दोन वर्षांतच त्यांनी ते विकले, आणि पुढे या दांपत्याने 'एस्प्रिट' ही कपड्यांची कंपनी मोठी केली. (उत्तरायुष्यात टॉम्पकिन्स यांनी चिली आणि अर्जेंटिनात प्रचंड वनभूमी विकत घेऊन संरक्षित केली. २०१५ मध्ये चिलीतील एका थंडगार सरोवरात त्यांची कयाक उलटली आणि गारठ्यामुळे त्यांचा मृत्यू झाला.) १९६८ साली कंपनी केनेथ ऊर्फ हॅप क्लॉप यांच्या हाती आली आणि बर्कलीला गेली. इतरांचा माल विकण्याऐवजी स्वतःचा माल घडवायला तिने याच काळात सुरुवात केली. तो काळही अनुकूल होता. अमेरिकेत १९६४ मध्ये अरण्यसंरक्षणाचा कायदा झाला होता; १९६८ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचा कायदा आला आणि अ‍ॅपलेशियन व पॅसिफिक क्रेस्ट या दोन दीर्घ वाटांना अधिकृत दर्जा मिळाला. त्याच वर्षी कॉलिन फ्लेचर यांचे 'द कम्प्लीट वॉकर' प्रसिद्ध झाले. पाठीवरच्या एकेका वस्तूचे वजन आणि तिची गरज यांचा इतका चोख हिशेब मांडणारे पुस्तक क्वचितच आढळेल.

सामानात खरी क्रांती त्याआधीच झाली होती. १९५२ च्या सुमारास डिक केल्टी यांनी कॅलिफोर्नियात अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि कमरपट्टा असलेली सॅक विकायला आरंभ केला. पिशव्या त्यांची पत्नी घरी शिवत असे. खांद्यावर लोंबकळणारे ओझे कमरेच्या हाडांवर उतरवणे, एवढीच ती कल्पना. पण तिच्यामुळे साधा माणूस आठवडाभराचे सामान घेऊन चालू शकला. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी चौकट सॅकच्या आत नेली.

नॉर्थ फेसचे स्वतःचे मोठे योगदान १९७५ चे. 'ओव्हल इंटेन्शन' हा त्यांचा तंबू बकमिन्स्टर फुलर यांच्या भूमितीय घुमटाच्या तत्त्वावर उभारलेला होता. तोवरचे बहुतेक तंबू दोन खांब आणि ताणलेल्या दोऱ्या यांच्या जोरावर उभे राहत. एक खुंटी उपटली की छप्पर अंगावर. या नव्या तंबूत लवचीक दांड्या एकमेकींना छेदून जात आणि वाऱ्याचा मार साऱ्या सांगाड्यात वाटला जाई. आतल्या जागेचा आकारही बदलला : कोपऱ्यात अंग चोरून बसण्याऐवजी माणसाला ताठ बसता येऊ लागले. आज जगात कोठेही घुमटाकार तंबू दिसला तर त्याच्या वंशावळीत हा तंबू कोठेतरी असतोच. बॅकपॅकरने या कंपनीचे ऋण मानायचे असेल, तर ते येथे मानावे.

मात्र याच तंबूपासून वाट फुटते. वादळाला पुरून उरणारा घुमट हिमालयातील मोहिमांना हवाहवासा वाटला आणि कंपनीचे लक्षही तिकडे वळले. मोहीम आणि भटकंती ही वरवर सख्खी भावंडे वाटतात. ओझ्याच्या बाबतीत त्यांचे नाते वेगळे आहे. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेचे सामान पायथ्यापर्यंत नेण्यासाठी नऊशेच्या घरात हमाल लागले होते. मोहिमेच्या सामानाचा रचनाकार टिकाऊपणाला पहिले स्थान देतो, कारण वरच्या छावणीत वस्तू तुटली तर प्राण जाईल. आणि अर्ध्याहून अधिक वाट ते ओझे दुसऱ्याच्या पाठीवर असते. १९८० च्या दशकात आलेली या कंपनीची 'बेस कॅम्प डफेल' पाहा. जाड, लेप दिलेले, जवळजवळ अभेद्य कापड. याकच्या पाठीवर आपटावी, ट्रकच्या टपावर फेकावी, काही होत नाही. उत्कृष्ट वस्तू. पण ती पाठीवर घेऊन दहा किलोमीटर चालून पाहावे! तिला पट्टे आहेत, पण कमरेला आधार नाही. त्यांचाच 'व्हीई २५' हा तिघांचा तंबू साडेचार किलोहून जड आहे. बर्फाळ छावणीत तो घरासारखा वाटेल, चार दिवसांच्या पायपिटीत मात्र शिक्षा.

उलट बाजूची परंपरा कोणत्याही कंपनीने निर्माण केली नाही. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने अ‍ॅपलेशियन वाट, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटर, एकटीने एका हंगामात पार केली. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली जाड सुती कापडाची झोळी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती. पडदा पांघरून चालणारी ही आजी वाचताना आपल्याकडील भातलावणीतले इरले डोळ्यांसमोर येते. दोन्हींत वारा खेळायला जागा आहे. १९९० च्या दशकात रे जार्डिन यांनी हाच विचार शास्त्रशुद्धपणे मांडला. ते मूळचे कसलेले प्रस्तरारोहक, विमानउद्योगात काम केलेले अभियंता. सामान हलके केले की बूट हलके चालतात, बूट हलके की थकवा कमी, थकवा कमी की अंतर अधिक आणि शिधा कमी, अशी त्यांची साखळी. त्यांनी स्वतः शिवलेली सॅक अर्धा किलोपेक्षाही हलकी होती. १९९८ मध्ये कोलोरॅडोत 'गोलाइट' ही कंपनी त्यांच्याच आराखड्यांवर निघाली. ती २०१४ मध्ये बुडाली, पण तिने घालून दिलेला कित्ता अनेक छोट्या कारागीर-कंपन्या आजही गिरवत आहेत. अन्न, पाणी व इंधन वगळता उरलेले सामान साडेचार किलोंच्या आत बसवणे, हे या पंथाचे माप.

जार्डिन पायवाटेवर हा विचार रुजवत होते, त्याच वर्षांत नॉर्थ फेस शहराच्या रस्त्यावर आला. १९९२ मध्ये आलेले 'नुप्त्से' हे पिसांचे फुगीर जॅकेट एव्हरेस्टशेजारच्या ७,८६१ मीटरच्या शिखराचे नाव धारण करते. त्याला कीर्ती दिली ती न्यूयॉर्कच्या फुटपाथवरील हिप-हॉप ऐकणाऱ्या तरुणांनी. १९९६ मध्ये कंपनीचे भाग बाजारात आले, दशकाच्या अखेरीस हिशेबातील घोटाळ्यांनी ती डबघाईला आली, आणि २००० मध्ये व्हीएफ कॉर्पोरेशन या वस्त्रोद्योगातील बड्या समूहाने ती स्वस्तात विकत घेतली. २०२३ पर्यंत तिची वार्षिक विक्री तीन अब्ज डॉलरांच्या पुढे गेली होती. एवढा माल केवळ डोंगरात जाणाऱ्यांना विकला जाणे शक्य नाही. महाविद्यालयाच्या आवारात त्या बोधचिन्हाच्या पिशव्या सर्रास दिसतात आणि त्यांत वह्या, डबा व चार्जर असतो. यात वावगे काही नाही. मात्र ज्याच्यासाठी वस्तू घडते तोच गिऱ्हाईक बदलला की वस्तूही बदलते, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा निवाडा ब्रँडचा न करता वस्तुवार करणे योग्य. मोठी सॅक : कंपनीची परंपरागत पासष्ट लिटरची सॅक दोन किलोंच्या आसपास भरते, मजबूत आहे, भार कमरेवर नीट उतरवते. पंधरा-सोळा किलो घेऊन चालणाऱ्या नवख्याला ती मानवेल. सामान आधीच कमी केलेल्याला तेवढ्याच मापाची, निम्म्या वजनाची सॅक अन्यत्र मिळते. तंबू : हिमवादळाची शक्यता असेल तरच मोहिमेचा घ्यावा, एरवी दोन खांबांचा हलका. स्लीपिंग बॅग : नावातील मोठ्या आकड्याला भुलू नये. युरोपात २००२ पासून प्रमाणित चाचणी आहे. तिच्यातील 'कम्फर्ट' तापमान पाहावे, 'लिमिट' नव्हे. पिसांचे जॅकेट : वजनाच्या मानाने ऊब भरपूर, म्हणून हिमालयातील कोरड्या थंडीत उत्तम, ओले झाले की पिसे चिकटून गोळा होतात आणि ऊब जाते.

पावसाळी जॅकेटबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे आपल्या मुलखाचा थेट संबंध येतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या कुळातील पदार्थ झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ आपोआप जात नाही. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा अधिक उष्ण व दमट असावी लागते. रॉकीज किंवा आल्प्समध्ये ही अट सहज पुरी होते. जुलैत राजमाची किंवा हरिश्चंद्रगड चढताना बाहेरची हवाच बाष्पाने ओथंबलेली आणि उबदार असते. तेथे हे महागडे कापड, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, आपले निम्मे काम करत नाही. माणूस पावसाऐवजी घामाने भिजतो. सह्याद्रीत पावसाळ्यात सैल पाँचो आणि सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी यांनी बहुतेकांचे भागते. येथे गेटवुडबाईंचा पडदा जिंकतो.

राहता राहिली काठमांडूची गोष्ट. तेथील थामेल पेठेत या ब्रँडच्या नकली जॅकेटांची आणि डफेलांची रास लागलेली असते, आणि पुण्या-मुंबईहून एव्हरेस्ट पायथ्याला जाणारे अनेक जण तेथूनच खरेदी करतात. शिवण उसवते, चेन अडकते, तरी पंधरा दिवस निभावतात. पुढे लुक्लाला उतरल्यावर त्या डफेला दोन-दोन, तीन-तीन एकत्र बांधल्या जातात आणि नेपाळी हमाल कपाळावरच्या पट्ट्याने, नाम्लोने, त्या उचलतो. ट्रेकरच्या खांद्यावर पाण्याची बाटली आणि कॅमेरा असलेली छोटी सॅक उरते. त्याने डफेल निवडताना कापड पाहिले, रंग पाहिला, बोधचिन्ह अस्सल की नकली हेही निरखले. रिकाम्या डफेलीचे वजन किती, हे मात्र त्याला विचारावेसे वाटले नाही, कारण ती त्याला वाहायची नव्हती.