यूटा : प्रारंभीचा इतिहास व वसाहत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातील राज्य. यूट, शोशोनी, गोशूट, पायूट व नॅव्हाहो हे येथील मूळ रहिवासी; त्यांच्याही पूर्वी फ्रीमाँट संस्कृतीचे लोक येथे मका पिकवीत. 1776 मध्ये दोमिंगेझ व एस्कलांते हे स्पॅनिश धर्मगुरू यूटा सरोवरापर्यंत आले. अमेरिका व मेक्सिको यांच्यातील 1848 च्या तहापर्यंत हा मुलूख कागदोपत्री मेक्सिकोचा होता.

वसाहत व पाटपाणी : इलिनॉयमधून परागंदा झालेल्या मॉर्मन पंथीयांची पहिली तुकडी जुलै 1847 मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात उतरली. जमीन इतकी कडक होती, की नांगर मोडले. 23 जुलैला सिटी क्रीक ओढ्यावर बांध घालून रान भिजवले, मग नांगरट झाली. दुसऱ्या दिवशी पंथाचा नेता ब्रिगम यंग पोहोचला. राज्यात आजही 24 जुलैलाच सुट्टी असते. शेतीच्या इतिहासात मात्र मोलाचा दिवस आदला. ओढ्यावर कोणाचीही खासगी मालकी नाही, असे यंगने प्रारंभीच ठरवले. काठावरच्या जमीनमालकाला पाण्याचा हक्क देणारा इंग्लिश कायदा या कोरड्या मुलखात निरुपयोगी होता. पाट सर्वांनी मिळून खणायचा, केलेल्या श्रमाप्रमाणे पाण्याचा वाटा घ्यायचा आणि पाळी रात्री आली तरी दारे धरायला जायचे, अशी रीत पडली. तंटे बहुधा स्थानिक बिशपच मिटवी. 1852 च्या कायद्याने ओढ्यांचे नियंत्रण काउंटी न्यायालयांकडे गेले.

संघर्ष : हेच पाणी मूळ रहिवाशांच्याही जगण्याचे साधन होते. यूट लोकांच्या मासेमारीच्या जागी, प्रोव्हो नदीकाठी, 1849 मध्ये वसाहत झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे यूटांवर हल्ला झाला. हा अन्याय वसाहतीच्या गौरवकथांत झाकला जातो. सप्टेंबर 1857 मध्ये माउंटन मेडोज येथे मॉर्मन शिबंदीने सुमारे 120 प्रवाशांची कत्तल केली. यंगच्या जबाबदारीविषयी मतभेद आहेत.

रेल्वे : 10 मे 1869 रोजी प्रॉमॉंटरी येथे पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडले गेले.

राज्यस्थापना : 1850 मध्ये प्रदेशाचा दर्जा मिळाला. बहुपत्नीत्वाच्या वादामुळे राज्याचा दर्जा दीर्घकाळ अडला. 1890 मध्ये पंथाने अशा नव्या विवाहांना संमती न देण्याचे जाहीर केल्यावर, 4 जानेवारी 1896 रोजी यूटा 45 वे राज्य झाले. तोवर रुजलेले पाण्याचे हक्क राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने कायम केले.