शिरगणती आणि नमुना

कोठे किती भाषक, हे आकड्याशिवाय कळत नाही. १९६१च्या जनगणनेने १६५२ मातृभाषा नोंदविल्या. परंतु घरी मराठी व बाजारात कन्नड बोलणारा मातृभाषेच्या रकान्यात मावत नाही. १९७१पासून तर १०,०००हून कमी भाषकांच्या भाषा प्रकाशित तक्त्यांतून वगळल्या गेल्या. उलटतपासणीस साक्षीदारच उरला नाही.

ग्रियर्सनने उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची बोलीभाषांतरे मागविली. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. बोलीचे प्रत्यय, क्रियापदे तेथे प्रत्यक्ष भेटतात. मात्र एकाचे भाषांतर म्हणजे जिल्ह्याची साक्ष नव्हे. शिवाय भाषांतरात मूळ वाक्यरचना डोकावतेच, म्हणून त्याने स्थानिक कथनेही मागविली. भाषकसंख्येसाठी मात्र त्याचाही आधार १८९१ची शिरगणतीच होता.